व्हीआर हेडसेट: ‘मला हे सोसत नाही’ म्हणण्याआधी या चुका टाळा

डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारा नवा व्हीआर हेडसेट घरात आला की सुरुवातीला सगळं घर त्यावर तुटून पडतं. मग तक्रारी सुरू होतात. कुणाला गरगरतं, कुणाला चित्र धूसर दिसतं, कुणाचे हात खेळात भलतीकडेच जातात. लवकरच हेडसेट कपाटात जाऊन पडतो. याचं फार वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच तक्रारी घरच्या घरी सुटणाऱ्या असतात.

एक गोष्ट आधी लक्षात घेऊ. आभासी जगाचा सारा डोलारा तुमची मान आणि समोरचं चित्र यांच्या मेळावर उभा आहे. मान जितकी वळेल तितकंच चित्र वळलं पाहिजे, आणि तेही तत्क्षणी. साधारण २० मिलिसेकंदांच्या आत. हा मेळ बिघडला की शरीर कुरकुर करतं.

म्हणूनच फोन खुपसायच्या डब्यावरून व्हीआरची परीक्षा करू नका. २०१४ साली गूगलचा पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आला आणि तसे डबे घरोघरी पोचले. पण त्यात मान कुठे वळली एवढंच कळतं. तुम्ही वाकलात किंवा पाऊल पुढे टाकलंत तर त्याचा पत्ताच नसतो. त्यातून स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा जायरोस्कोप, म्हणजे वळणं टिपणारा सेन्सर, नसतो, मग चित्र वळतच नाही. तिथे बिघाड शोधण्यात वेळ घालवू नका.

धूसर चित्र

सर्वांत जास्त तक्रारी याच्या, आणि कारण बहुधा पट्टा. बाजूचे पट्टे करकचून आवळले की सगळं वजन गालांवर आणि नाकावर येतं. मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली बसवा आणि पुढचं वजन वरच्या पट्ट्याला पेलू द्या. मग समोर एखादा मजकूर उघडा आणि हेडसेट चेहऱ्यावर अगदी किंचित वर-खाली सरकवा. एका जागी अक्षरं लख्ख दिसतात. तिथेच थांबा आणि पट्टा पक्का करा.

यानंतर डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे आयपीडी. प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बदलतं. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ हेडसेटमध्ये लेन्स त्या अंतरावर आणायला ५८, ६३ आणि ६८ अशा तीन खाचा आहेत; क्वेस्ट ३ ला त्यासाठी चाक दिलंय. चष्म्याच्या दुकानात हे अंतर मोजून मिळतं. घरात चार जण हेडसेट वापरत असतील तर आधीच्याची खाच तशीच राहते, आणि पुढच्याचं डोकं दुखतं. प्रत्येकाने आपला आकडा पाठ ठेवावा.

चष्म्याबद्दलही मोठा गैरसमज आहे. पडदा डोळ्यांना चिकटून आहे, मग लांबच्या नंबरचा चष्मा कशाला, असं वाटतं. पण लेन्समुळे ते चित्र एक-दोन मीटर लांब असल्यासारखं डोळ्यांना भासतं. त्यामुळे लांबचं दिसत नसेल तर चष्मा लावाच. फक्त चष्मा आणि लेन्स यांच्यामध्ये अंतर ठेवणारा स्पेसर वापरा. चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सवर घासली की पडलेला ओरखडा जात नाही.

मळमळ

जॉयस्टिक पुढे ढकलून खेळात चालायला लागलात की डोळे सांगतात ‘चाललोय’, तर कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते ‘जागेवरच आहोत’. मळमळ या भांडणातून येते. सुरुवातीला ज्यात तुम्ही स्वतःच्या पायांनीच हलता असे खेळ घ्या. जिथे फिरावंच लागतं तिथे सेटिंगमध्ये टेलिपोर्ट, म्हणजे न चालता थेट दुसऱ्या जागी पोचणं, निवडा, वळणं टप्प्याटप्प्याची ठेवा आणि हलताना कडा काळ्या करणारा पर्याय चालू करा. चेहऱ्यावर टेबलफॅनचा वारा घेतल्यानेही अनेकांना बरं वाटतं.

सर्वांत घातक सल्ला म्हणजे ‘थोडं सहन कर, सवय होईल’. सवय होते, पण त्रास सुरू होण्याआधी थांबल्याने. अंगाला घाम, जांभया, तोंडाला सुटणारं पाणी ही पहिली चिन्हं. ती दिसताक्षणी हेडसेट काढा, आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत दुचाकीला हात लावू नका.

हात भरकटणं

आजचे बहुतेक हेडसेट कॅमेऱ्यांनी खोलीतल्या कडा-कोपरे टिपून आपली जागा ठरवतात. अंधार, कोरी पांढरी भिंत, आरशाचं कपाट, या सगळ्यांनी ते गोंधळतात. हातात धरायच्या अनेक कंट्रोलरवर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात आणि कॅमेरे त्यांवरून हात शोधतात, त्यामुळे दिवाळीत खिडकीला सोडलेली बारीक दिव्यांची माळसुद्धा हा माग, म्हणजे ट्रॅकिंग, बिघडवू शकते. ती बंद करून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, आणि कॅमेऱ्यांना जाणवणारी दिव्यांची लुकलुक तिच्यावर ठरते. ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सीचा पर्याय असेल आणि तिथे ६० निवडलेले असतील तर बदला. कॅमेऱ्यांवरचे बोटांचे डाग पुसा, कंट्रोलरचे सेल बदला. एवढं झाल्यावरच दुरुस्तीचा विचार करा.

छतावरचा पंखा

खेळायच्या जागेच्या हद्दीची रेषा तुम्ही हेडसेटमध्ये जमिनीवर आखता. वरच्या पंख्याची हेडसेटला कल्पना नसते. उंच माणसाने हात वर फेकला तर पात्यापर्यंत सहज पोचतो. पंखा बंद करा, त्याच्या थेट खाली उभे राहू नका, मनगटाची दोरी अडकवा. दोन बाय दोन मीटर मोकळी जागा निघत नसेल तर बसून खेळायचे खेळ निवडा.

लेन्स

लेन्सवर सॅनिटायझर, स्पिरिट किंवा काच पुसायचा स्प्रे मारू नका. कोरडं मायक्रोफायबर कापड पुरतं. आणि हेडसेट खिडकीजवळ किंवा गाडीत लेन्स वर करून ठेवू नका. लेन्स भिंगाचं काम करतात, ऊन एका बिंदूवर एकवटतं आणि पडदा काही क्षणांत जळतो. नंतर कुठेही बघा, तो डाग समोर दिसत राहतो आणि पडदा बदलल्याशिवाय जात नाही.