प्रतिकारशक्ती कमी असताना होणारा बुरशीचा न्यूमोनिया: या चुका टाळा

केमोथेरपी चालू असलेला, अवयव प्रत्यारोपण झालेला, एचआयव्ही असलेला किंवा महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणारा माणूस खोकू लागला, की आधी जंतुसंसर्गाचाच विचार होतो. अँटिबायोटिक सुरू होते. ताप हटला नाही की दुसरे, मग तिसरे. अँटिबायोटिक देणे चूक नाही. पांढऱ्या पेशी खूप खाली गेलेल्या रुग्णाला ताप आला, तर ते तासाभरात सुरू व्हायला हवे आणि त्यासाठी रात्रीसुद्धा रुग्णालय गाठायला हवे. चूक होते ती पुढे: औषधे बदलत राहायची, पण न्यूमोनिया नेमका कशाचा आहे ते शोधायचे नाही. नेहमीच्या अँटिबायोटिकांनी बुरशी मरत नाही, आणि या रुग्णांच्या हातात दिवस फार थोडे असतात.

त्याच्याही आधीची एक चूक घरातून होते. खोकल्यासाठी जवळच्या दवाखान्यात जायचे आणि मूळ आजाराबद्दल बोलायचेच नाही. सांध्यांसाठी घेतलेले मेथोट्रेक्सेट, दोन महिने चाललेले प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, मागच्या महिन्यातली केमोथेरपी: हे कळल्याशिवाय कुठल्याही डॉक्टरला बुरशीची शंका येणार नाही. औषधांची यादी सोबत ठेवा आणि खोकल्याचे सांगण्याआधी तीच पुढे करा.

‘एक्स-रे चांगला आहे’ म्हणून घरी परतणे

न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी इथे सर्वांत जास्त फसवते. कोरडा खोकला, थोडा ताप, जिना चढताना धाप. स्टेथोस्कोपने छाती स्वच्छ ऐकू येते, सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रेही स्वच्छ दिसू शकतो. खुर्चीत बसलेल्या रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९६ दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. त्याच रुग्णाला दोन-तीन मिनिटे खोलीत चालवा, ऑक्सिमीटर बोटावरच राहू द्या. आकडा ९६ वरून ९० किंवा त्याखाली घसरताना दिसला, तर एक्स-रे काहीही म्हणो, सीटी स्कॅनची गरज आहे. (बसल्या जागीच धाप लागत असेल तर हा प्रयोग करू नका, थेट रुग्णालयात जा.) एचआयव्ही असलेल्यांत हा आजार काही आठवडे हळूहळू वाढतो. कॅन्सर, प्रत्यारोपण किंवा स्टेरॉइडच्या रुग्णांत मात्र तो काही दिवसांतच गंभीर होऊ शकतो, म्हणून ‘आठवडाभर बघू’ हे त्यांच्यासाठी फार महाग पडते.

१९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या याच न्यूमोनियाच्या नोंदीतून एड्सची पहिली चाहूल लागली होती. आज तो बऱ्याच अंशी टाळता येतो. एचआयव्ही असलेल्यांच्या सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) २०० च्या खाली असतील तर को-ट्रायमोक्साझोलची रोजची गोळी संरक्षण देते. दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर चालणार असेल आणि जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध किंवा तसा आजार असेल, तेव्हाही ती द्यावी का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. बरे वाटतेय म्हणून ही गोळी मनाने बंद करणारे रुग्ण पाहिले की जीव तुटतो. स्टेरॉइडही असे एकाएकी सोडायचे नसते, त्याने वेगळाच धोका उभा राहतो.

रिपोर्टमधल्या नावावर विसंबणे

थुंकीच्या रिपोर्टमध्ये ‘कॅन्डिडा’ आले की बुरशी सापडली असे वाटते. ही बुरशी तोंडात आणि घशात एरवीही असते, तिच्यामुळे न्यूमोनिया होणे अत्यंत विरळ. तेवढ्यावरून तिच्याच औषधावर थांबलात, तर खरे कारण मागे राहून जाते. उलट ॲस्परजिलस ही बुरशी फुप्फुसात असूनही थुंकीत सापडत नाही, असेही होते. म्हणून दुर्बिणीने फुप्फुस धुऊन घेतलेला नमुना महत्त्वाचा. नातेवाईक या तपासणीला घाबरून नकार देतात. भीती समजण्यासारखी आहे, पण प्लेटलेट आणि ऑक्सिजन पाहूनच ती करायची की नाही ते ठरते, त्यामुळे नकार देण्याआधी डॉक्टरांचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या. शंका दाट असेल तर रिपोर्टसाठी उपचार थांबवायचे नसतात. न्यूमोसिस्टिसचे औषध सुरू झाल्यावरही काही दिवस ती बुरशी नमुन्यात सापडते.

छातीत डाग, ताप आणि वजन घटलेले दिसले की टीबी गृहीत धरला जातो. जंतू सापडले नसतील आणि औषधांनी फरकही पडत नसेल, तर हिस्टोप्लाझ्मा, क्रिप्टोकॉकस या बुरशींचा विचार व्हायलाच हवा. सोबत डोके सतत दुखत असेल तर तेही सांगा, कारण क्रिप्टोकॉकस मेंदूपर्यंत पोहोचतो.

‘बुरशीचे औषध चालू आहे ना!’

कुठल्या बुरशीचे? व्होरिकोनाझोल ॲस्परजिलसवर चांगले चालते, म्युकरवर (‘काळ्या बुरशी’वर) नाही. त्याला अँफोटेरिसिन लागते आणि अनेकदा शस्त्रक्रियाही. न्यूमोसिस्टिसवर या दोन्हींचा उपयोग नाही, तिथे को-ट्रायमोक्साझोलच, तेही मोठ्या डोसमध्ये, साधारण तीन आठवडे. पहिल्या तीन-पाच दिवसांत दम थोडा वाढू शकतो. तेव्हा औषध मानवले नाही असे ठरवून ते बंद करू नका, डॉक्टरांना कळवा. ऑक्सिजन खूप कमी असेल तर हे टाळण्यासाठी जोडीला स्टेरॉइड देतात. ॲस्परजिलसचे उपचार किमान सहा ते बारा आठवडे चालतात.

घराचे पाडकाम, जुन्या भिंती खरवडणे, कंपोस्ट उपसणे यांच्या धुळीतून बुरशी श्वासात जाऊ शकते, त्यापासून रुग्णाला दूर ठेवा.

प्रत्यारोपण झालेल्यांनी एक गोष्ट खास सांभाळावी. व्होरिकोनाझोल सुरू झाले की टॅक्रोलिमसची (नवा अवयव नाकारला जाऊ नये म्हणून घ्यायच्या औषधाची) रक्तातली पातळी झपाट्याने चढते, म्हणून टॅक्रोलिमसचा डोस तेव्हाच कमी करतात. व्होरिकोनाझोल बंद झाल्यावर ती पातळी पुन्हा खाली येते आणि नवा अवयव नाकारला जाण्याचा धोका वाढतो. दोन्ही वेळी रक्ततपासणी करून डोस नव्याने ठरवून घ्यायचा असतो, आणि उपचार संपल्याच्या आनंदात विसरली जाते ती नेमकी दुसरी वेळ.