ठासणीच्या बंदुकीत पर्यायी दारू वापरताय? या चुका टाळा

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीत पारंपरिक काळ्या दारूऐवजी वापरायची पर्यायी दारू काळ्या दारूच्याच मापाने भरायची, असं डब्यावर लिहिलेलं असतं. त्यामुळे बाकी सगळंही काळ्या दारूसारखंच चालेल, अशी समजूत होते. प्रत्यक्षात ती पेट वेगळ्या तऱ्हेने घेते, काजळी वेगळी धरते आणि काही प्रकार तर पाण्याने धुतलेही जात नाहीत.

सगळ्यात धोकादायक चूक काटेकोर माणसाकडूनच होते: दारू तराजूवर तोलणे. ठासणीच्या बंदुकीत 'ग्रेन' (एरवी वजनाचं छोटं एकक) हा आकडा मापाचा, म्हणजे आकारमानाचा असतो. काळ्या दारूचं माप आणि वजन जवळपास जुळतं, म्हणून हा फरक पूर्वी कुणाला जाणवत नसे. पायरोडेक्स ही पर्यायी दारू हलकी आहे. १०० ग्रेनच्या मापात ती वजनाने साधारण ७० ग्रेनच मावते. तीच कुणी तराजूवर १०० ग्रेन तोलून ओतली, तर नळीत १४०च्या मापाचा बार जातो. ट्रिपल सेव्हन या दुसऱ्या पर्यायी दारूचं गणित आणखी वेगळं. मापाला माप ठेवलं तरी ती काळ्या दारूपेक्षा जोरकस, म्हणून काळ्या दारूचा १०० ग्रेनचा बार असेल तिथे १५ टक्के कमी, म्हणजे ८५चं माप घ्यायचं. एका दारूचा आकडा दुसरीला लावू नका. दारूच्या उत्पादकाचा तक्ता आणि बंदुकीवर दिलेली कमाल मर्यादा या दोन्हींत जो आकडा लहान, तो आपला.

काडतुसात भरायची धूरविरहित दारू ठासणीच्या नळीत थोडीसुद्धा नको, मिसळूनही नको. ब्लॅकहॉर्न २०९ या पर्यायी दारूत नायट्रोसेल्युलोज (धूरविरहित दारूतला मुख्य घटक) असतं, म्हणून 'मग बाकीच्या का चालणार नाहीत' असा युक्तिवाद ऐकू येतो. ब्लॅकहॉर्न याच बंदुकांसाठी बनवलेली आहे, बाकीच्या नाहीत. चुकीच्या दारूने नळी फुटते आणि ती डाव्या हाताच्या जवळच फुटते.

आता नेहमीची तक्रार: टोपी (बार पेटवणारी छोटी स्फोटक डबी) फुटते, पण बार उडत नाही, किंवा क्षणभर थांबून उडतो. काळी दारू ठिणगीवर पेटते. पर्यायी दारूला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून गारगोटीच्या बंदुकीत ती वापरूच नये. रंजक (ठिणगी झेलणारी बाहेरची दारू) म्हणून काळी दारू घातली तरी आतल्या बाराचा भरवसा नसतो. त्या बंदुकीला काळी दारूच हवी. टोपीच्या बंदुकीत सुटी पायरोडेक्स सहसा चालते, गोळ्यांच्या स्वरूपातली मात्र अडते, कारण बाजूच्या निपलमधून (टोपी बसते त्या छोट्या नळीतून) वळून येणारी ज्वाला तिथे नीट पोचत नाही. त्या गोळ्या सरळ मागून पेटणाऱ्या इनलाइन बंदुकांसाठी आहेत. पायरोडेक्सच्या गोळीचं एक टोक गडद असतं, तिथे काळ्या दारूचा थर असतो. ते टोक मागे, ज्वालेच्या बाजूला ठेवायचं. उलटी पडली की बार रेंगाळतो. ब्लॅकहॉर्नला तर २०९ प्रायमरच (टोपीहून जास्त ज्वाला देणारा) लागतो, साध्या टोपीचं ते काम नव्हे.

दारू योग्य असूनही बार अडत असेल तर आधी तेलावर संशय घ्या. ठेवणीतल्या बंदुकीला लावलेलं तेल ओघळून निपलच्या वाटेत साचतं. भरण्याआधी नळी कोरड्या चिंधीने पुसा, मग नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, गवताच्या पात्याजवळ धरून नुसती टोपी उडवा. पातं हललं तर वाट मोकळी आहे.

अडलेल्या बाराच्या वेळी घाई नको. नळी निशाणाकडेच रोखून किमान एक मिनिट थांबा, मग नवी टोपी लावा. तरीही उडाला नाही, तर कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बार बाहेर ढकलणारं साधन वापरा. भरलेल्या बंदुकीच्या तोंडासमोर वाकून गजाशी झटापट करू नका.

ट्रिपल सेव्हनची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०९ प्रायमरबरोबर वापरली की दारूच्या थोडं पुढे नळीत काजळीचं कडक कडं धरतं. पुढची गोळी ठासताना गज तिथे अडतो आणि गोळी बसली असं वाटतं. खाली दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहते, आणि अशा पोकळीवर बार उडवला तर नळी फुगू शकते. उपाय साधा: प्रत्येक बारानंतर किंचित ओलसर चिंधी, मागोमाग कोरडी. ओली चिंधी पिळून घ्या, नाहीतर काजळीचा चिखल ज्वालेच्या वाटेत ढकलला जातो आणि आपण पुन्हा 'टोपी फुटते, बार उडत नाही' या तक्रारीवर येतो. शिवाय गजावर दोन खुणा हव्यात, एक रिकाम्या नळीची, दुसरी नेहमीच्या भरलेल्या बाराची. दुहेरी बार भरला गेला तर तोही याच खुणांवरून कळतो. सुटी दारू दर वेळी सारख्याच दाबाने बसवा. दारूच्या गोळ्यांचा मात्र चुरा होऊ देऊ नका.

दारूच्या डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत ओतणे ही जुनी खोड. आत धुमसता कण असेल तर अख्खा साठा हातात पेटतो. आधी मापात, मग नळीत.

धुण्याचं काम दुसऱ्या दिवशीवर टाकू नका. पायरोडेक्सची काजळी कमी दिसते म्हणून लोक फसतात. तिच्यातल्या पर्क्लोरेटमुळे मागे क्लोराइडचा क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढून पोलाद खातो. तेलात तो विरघळत नाही, त्यामुळे नुसतं तेल फिरवून भागत नाही. गरम साबणाचं पाणी, स्वच्छ पाणी, पूर्ण कोरडं, मग तेल, आणि दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवून गंज येतोय का बघा. ब्लॅकहॉर्नला हा नियम लागू नाही. तिला पाण्याचं नव्हे, धूरविरहित दारूसाठीचं सॉल्व्हंट लागतं. तिच्यामुळे ब्रीच प्लगच्या (नळीच्या मागच्या बुचाच्या) छिद्रात कार्बनचा कडक थर साचतो. तो सॉल्व्हंटनेही सुटला नाही तर उत्पादकाने सांगितलेल्या मापाचं ड्रिल बिट हाताने फिरवून काढा, मशीनला लावून नाही, नाहीतर छिद्रच मोठं होईल.