आजीच्या डब्यातल्या चांदीच्या रुपयाची किंमत कशी काढायची

जुना राणीछाप किंवा राजाछाप रुपया हाती आला की 'लाखाला जातो' असं कुणीतरी सांगतंच. आधी त्यातल्या चांदीचा भाव काढा. त्याखाली तो कुणालाही देऊ नका.

१. चुंबक लावा. चिकटला तर तो १९४७ चा, मागे वाघ असलेला निकेलचा रुपया असणार. त्यात चांदी नाही.

२. दागिन्यांच्या छोट्या डिजिटल काट्यावर वजन करा. नवा असताना रुपया ११.६६ ग्रॅमचा होता, झिजलेला थोडा हलका भरतो.

३. साल १९३९ पर्यंतचं असेल तर वजनाला ०.९१७ ने गुणा, १९४० ते १९४५ असेल तर ०.५ ने. माझा १९१७ चा रुपया ११.४ ग्रॅम भरला, म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅम चांदी. त्याला त्या दिवसाच्या मोडीच्या भावाने गुणलं की झालं.

४. चांदीच्या वरचा भाव मिळतो तो सालामुळे आणि नक्षी किती ठळक उरली आहे त्यामुळे. राजाच्या मुकुटाची नक्षी सपाट झाली असेल तर बहुतेक सालांना चांदीपेक्षा फार जास्त मिळत नाही. अपवाद १९११ (राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला म्हणून गाजलेला) आणि १९३९. मात्र १९३९ च्या नकला फार, तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय हुरळू नका.

५. ऑनलाइन मागितलेली किंमत सोडा, लिलावात प्रत्यक्ष किती मिळाले ते बघा.

आणि चिंच-राखेने घासू नका! काळपटपणा गेला की संग्राहक हात आखडता घेतो.