बँकॉकमध्ये दोघांचे तीन दिवस: फिरणं, खाणं आणि वेळेचं गणित

बँकॉकच्या छोट्या सहलीचा बेत बहुतेक वेळा दोन गोष्टींमुळे कोलमडतो: दुपारचं ऊन आणि संध्याकाळचा ट्रॅफिक. सकाळी जुनं शहर, दुपारी एसी, संध्याकाळी खाणं आणि प्रवास शक्यतो नदीने किंवा रेल्वेने, एवढं पाळलं तर तीन दिवस पुरतात. त्यात पट्टाया आणि दामनोएन सादुआकचा तरंगता बाजार कोंबू नका. पट्टाया दीडशे किलोमीटरवर आहे, तो बाजार शंभरावर. जाण्यायेण्यात अख्खा दिवस जातो.

निघण्याआधी

भारतीयांसाठी व्हिसाचे नियम अलीकडच्या वर्षांत बदलत आलेत. तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या साइटवर चालू नियम बघून घ्या. १ मे २०२५ पासून ऑनलाइन आगमन कार्ड, म्हणजे टीडीएसी, सक्तीचं आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, दोघांचं स्वतंत्र, आणि ते मोफत आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही असं समजून बंद करा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून जवळ ठेवा. इमिग्रेशनच्या रांगेत फोनची बॅटरी संपलेली असते.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोघांच्याही कार्डांचा परदेशी वापर आणि टॅप करून पैसे भरण्याची सोय चालू करा. बँकॉकच्या एमआरटी मेट्रोत व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट गेटवर टॅप होतं, पण एका कार्डावर दोन माणसं जात नाहीत. उन्नत मार्गावरच्या बीटीएस गाड्यांना मात्र वेगळं तिकीट लागतं. त्यासाठी मिळणाऱ्या रॅबिट कार्डाला सुरुवातीलाच १०० बाट शुल्क पडतं, तेव्हा तीन दिवसांसाठी मशीनमधून सुटी तिकिटं काढलेली बरी. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाटांच्या आसपास शुल्क लावतं, म्हणून काढायचे तर एकदाच काढा. स्क्रीनवर ‘रुपयांत रक्कम कापू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, कारण तो दर नेहमी महाग असतो. बाट साधारण अडीच ते तीन रुपयांच्या घरात धरा. सुवर्णभूमी विमानतळावर पैसे बदलायचे असतील तर सामानाच्या पट्ट्याजवळचे काउंटर टाळा आणि तळघरात, रेल्वे स्थानकाच्या मजल्यावर जा. दर तिथे चांगला मिळतो.

ई-सिगारेट नेऊ नका. तिथे ती बेकायदा आहे आणि पर्यटकांनाही सूट नाही.

हॉटेल कुठे घ्यायचं

हॉटेलचे तारे मोजण्याआधी स्टेशनपासूनचं चालत अंतर मोजा. पाचशे मीटरच्या आत हवं. बँकॉकच्या गल्ल्या, म्हणजे सोई, लांबच लांब असतात आणि बऱ्याचदा दुसऱ्या बाजूने बंद असतात, त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात दीड किलोमीटर आत निघतं. पहिल्या खेपेला सफान ताक्सिन किंवा साला डेंग स्टेशनजवळ राहावं. सफान ताक्सिनला उतरलं की बोटीचा मुख्य धक्का समोरच असतो. खरेदी आणि मॉल जास्त हवे असतील तर असोक, कारण तिथे बीटीएस आणि एमआरटी दोन्ही मिळतात. खाओ सान रोडचं नाव मोठं, पण तिथे अजून रेल्वे नाही आणि रात्रभर आवाज असतो. जोडप्याने तिथे झोपायला जाण्यात अर्थ नाही.

पहिला दिवस: पोहोचण्याचा

मुंबईहून रात्री निघालेली बरीच विमानं पहाटे उतरतात. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे झोपेचे आणखी दीड तास जातात. हॉटेलची खोली मात्र दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. ग्रँड पॅलेस याच दिवशी उरकू पाहणारे दहा वाजता उन्हात बसकण मारतात.

सुवर्णभूमीहून एअरपोर्ट रेल लिंकने फाया थायपर्यंत माणशी ४५ बाट आणि अर्धा तास लागतो. तिथे बीटीएस मिळते. एमआरटी हवी असेल तर मक्कासानला उतरून जोडपुलावरून फेचबुरी स्टेशनला जा. टॅक्सीचं मीटर ३५ बाटांपासून सुरू होतं, त्यावर विमानतळाचे ५० आणि टोल वेगळा. मोठ्या बॅगा असतील तर सकाळी सात ते नऊच्या गर्दीत रेल्वेपेक्षा टॅक्सी सोयीची, जरी वेळ जास्त लागला तरी. डॉन मुआंग हा दुसरा विमानतळ. तिकिटावर नाव नीट वाचा, दोन्हींमध्ये शहर आडवं येतं.

सामान हॉटेलात टाकून लुम्फिनी बागेत जा. सावली आहे, तळं आहे आणि काठावर भल्यामोठ्या घोरपडी आरामात पडलेल्या असतात. त्या अंगावर येत नाहीत, पण सेल्फीसाठी जवळ जाऊ नका. दुपारी खोली मिळाल्यावर झोप काढा. संध्याकाळी पायांचा मसाज घ्या; साध्या दुकानात तासाला २५० ते ४०० बाट पडतात. थाई मसाज जोरकस असतो. हळू हवा असेल तर ‘बाओ बाओ’ म्हणायचं, लाजून सहन करायचं नाही.

दुसरा दिवस: नदी आणि तीन ठिकाणं

सफान ताक्सिन स्टेशनसमोरच्या साथोर्न धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट पकडा. भाडं सरसकट १६ बाट आहे. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट बरंच जास्त घेते आणि धक्क्यावरचे लोक तुम्हाला तिकडेच वळवतात. ग्रँड पॅलेससाठी ता चांग धक्क्यावर उतरा आणि साडेआठला दार उघडतं तेव्हा हजर राहा. दहानंतर बसभर गट येतात.

तिकीट माणशी ५०० बाट. कपड्यांबाबत इथे कोणी ऐकून घेत नाही: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फाटक्या जीन्स आणि घट्ट लेगिंग्ज चालत नाहीत. बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी घेऊन भागेल असं समजू नका, बाहीच लागते. सुती कुर्ता आणि सैल सलवार किंवा पँट यात सगळं बसतं आणि उकडतही नाही. पुरुषांनी पूर्ण पँट घालावी. बूट सतत काढावे लागतात, म्हणून लेस नसलेले घ्या. राजघराण्याचा विधी असेल तर काही भाग बंद असतात. आदल्या रात्री अधिकृत साइट बघा.

मराठी माणसाने आवारात सर्वाधिक वेळ द्यावा तो पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांना. तिथल्या भिंतींवर १७८ चित्रांत रामकियेन, म्हणजे थाई रामायण, रंगवलंय. सुरुवात उत्तरेच्या बाजूला, जनकाला सीता सापडते तिथून, आणि पुढे प्रदक्षिणेच्या दिशेने जायचं. फ्रा राम, नांग सिदा आणि दशकंठाचा झालेला थोत्साकान लगेच ओळखू येतात. पण गोष्ट आपली नव्हे. इथे सीता ही रावणाचीच मुलगी, आणि मारुतीराय ब्रह्मचारी तर अजिबात नाहीत. मत्स्यकन्येसह त्यांची प्रेमप्रकरणं सविस्तर आहेत. पर्यटक मधल्या सोनेरी स्तूपाचे फोटो काढून निघून जातात आणि ओवऱ्या बऱ्यापैकी रिकाम्या मिळतात, सावली फुकट.

बाहेर पडल्यावर कोणी सभ्य गृहस्थ ‘पुढचं मंदिर आज बंद आहे, माझ्या ओळखीची टुकटुक स्वस्तात फिरवेल’ असं सांगेल. ती फेरी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात संपते. हसून पुढे चला आणि बंद आहे की नाही ते दारावर जाऊनच बघा.

वाट फो (थाईत ‘वाट’ म्हणजे मंदिर) दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे, तिकीट ३०० बाट. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. खांबांमुळे पूर्ण मूर्ती एका फोटोत येत नाही, पायांच्या टोकाकडून प्रयत्न करा. तळव्यांवरची शिंपल्यांच्या चकाकत्या तुकड्यांतली १०८ चिन्हंही तिथूनच दिसतात. मूर्तीच्या पाठीमागे १०८ भांडी मांडली आहेत. वीस बाटांच्या आसपास सुटी नाणी घेऊन प्रत्येकात एक टाकत जायचं. दोघांनी मिळून टाकलं तरी चालतं.

बारा ते साडेतीन बाहेर राहू नका. सनाम चाय एमआरटी जवळ आहे, स्टेशन स्वतःच बघण्यासारखं सजवलंय. जेवून एसीत बसा आणि साडेतीनला ता तिएन धक्क्यावरून ५ बाटांच्या नावेने पलीकडे वाट अरुणला जा, तिकीट २०० बाट. पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत. उतरताना आडवं पाऊल टाका. मंदिराबाहेर थाई पारंपरिक पोशाख भाड्याने मिळतात आणि जोडप्यांची तिथे गर्दी असते. नेसवायला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि कपडे दुकान बंद होण्याआधी परत द्यायचे असतात, तेव्हा आधी पोशाख आणि मग मंदिर असा क्रम ठेवा.

सूर्यास्त मात्र अलीकडच्या काठावरून बघा, कारण सूर्य वाट अरुणच्या मागे मावळतो. थंडीत पावणेसहा-सहा, जून-जुलैत पावणेसातची वेळ धरा. ता तिएनकडच्या गच्चीवरच्या हॉटेलांत कठड्यालगतचं टेबल हवं असेल तर काही दिवस आधी बुक करा. तेवढे पैसे नको असतील तर काठावर उभं राहूनही तेच दिसतं. नारिंगी बोटी संध्याकाळी सहा-सातपर्यंतच असतात. परतताना एमआरटी धरा.

तिसरा दिवस: चायनाटाउन

शनिवार-रविवार असेल तर सकाळी चतुचक बाजार. नऊ-दहालाच पोहोचा आणि चुकामूक झाल्यास घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटायचं ठरवा. इतर दिवशी जिम थॉम्पसन यांचं सागवानी घर बघा. रेशमाच्या धंद्यातले हे अमेरिकन गृहस्थ १९६७ मध्ये मलेशियात फिरायला गेले आणि बेपत्ता झाले, ते कायमचे.

चारच्या सुमारास हुआ लाम्फोंग एमआरटीला उतरून वाट त्रैमितला जा. साडेपाच टनांची सोन्याची बुद्धमूर्ती शतकानुशतकं गिलाव्याखाली दडलेली होती. १९५५ मध्ये हलवताना गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं. पाचला बंद होतं. तिथून चालत याओवारात रोडवर, म्हणजे चायनाटाउनच्या मुख्य रस्त्यावर गेलात की खाण्याच्या गाड्या लागायची वेळ होते. सोमवारी बऱ्याच गाड्या बंद असतात, म्हणून बेत आखतानाच तो वार टाळा.

खाण्याचा नियम: एका ठिकाणी एकच प्लेट, दोघांत. थाई प्लेटा लहान असतात, किंमत ६० ते १५० बाट, आणि अशा पाच-सहा जागा सहज होतात. कालवांचं ऑम्लेट होय थोत, मिरीच्या रश्शातले गुंडाळीचे नूडल्स कुआय चाप (यात डुकराची आतडी-काळीज असतं, आधी ठरवा), कोळशावरची कोळंबी, भाजलेला पाव आणि आत कस्टर्ड. गोडात आल्याच्या तिखट पाण्यातले काळ्या तिळाचे गोळे, बुआ लॉय. आंब्यासोबतचा चिकट भात वर्षभर मिळतो, पण खरा हंगाम मार्च ते मे. हापूसशी तुलना करू नका, नारळाच्या खारट-गोड दुधासाठी खा. मासळीच्या जागी भाव वजनावर असतो. ऑर्डरआधी एकूण किती होईल ते विचारून घ्या.

शाकाहारी असाल तर

‘व्हेज’ म्हटलं की मांस काढून टाकतात, पण मासळीचा सॉस नाम प्ला, कालवांचा सॉस आणि हाडांचा रस्सा तसाच राहतो. म्हणून नुसत्या नूडल सूपवर विश्वास ठेवू नका. उपयोगाचा शब्द ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर, इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसणारं. तिथे मांस, मासे, अंडं, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. गाजर-मुळा मात्र असतात, हे जैन मंडळींनी लक्षात ठेवावं. सेव्हन-इलेव्हनच्या पाकिटांवरही हेच चिन्ह असतं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात याओवारातवर जे-उत्सव भरतो, अनेकदा आपल्या नवरात्राच्याच आसपास. शाकाहाऱ्यांनी जायला याहून बरी वेळ नाही.

‘माय साय नाम प्ला’ म्हणजे मासळीचा सॉस घालू नका. मू डुक्कर, नुआ गोमांस, काय कोंबडी, कुंग कोळंबी, खाय अंडं. पपईच्या सोम तामला सुकी कोळंबी नको असं वेगळं सांगावं लागतं. ‘फेत नित नॉय’ म्हणजे कमी तिखट. आपण तिखट खातो या भरवशावर राहू नका. त्यांची मिरची ओली असते आणि सरळ खलबत्त्यात जाते. वरणभाताची आठवण अनावर झाली तर नाना, प्रतुनाम आणि फाहुरात भागात भारतीय हॉटेलं आहेत.

परतीच्या दिवशी करीची पेस्ट चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत ती द्रव समजून काढून घेतात. डुरियन हे उग्र वासाचं फळ कुठल्याच बॅगेत नको, आणि हॉटेलच्या खोलीतही नको. बहुतेक हॉटेलं त्यासाठी दंड लावतात.