एक माहिती, एकच घर

लेबलवर साठवणुकीचं तापमान ३० अंश, डिव्हाइस मास्टर फाइलमध्ये (उपकरणाची सगळी तांत्रिक माहिती असलेली फाइल) २५. भोसरीतल्या आमच्या कॅथेटरच्या (शरीरात घालायच्या वैद्यकीय नळ्यांच्या) युनिटमध्ये ऑडिटच्या आदल्या रात्री हा फरक सापडला आणि सगळे दहा वाजेपर्यंत फायली चाळत बसलो. कारण साधं होतं, तीच माहिती लेबल, वापराची पत्रिका, रिस्क फाइल (उपकरणाच्या धोक्यांची नोंद) आणि मास्टर फाइल अशा चार ठिकाणी हाताने टाइप केली होती.

तेव्हापासून असं करतो:

१. तापमान, शेल्फ लाइफ, वापराचा उद्देश, साइझ हे सगळं एकाच एक्सेल तक्त्यात. प्रत्येक ओळीला क्रमांक.

२. पुढच्या रकान्यात ती माहिती कुठल्या कागदात, कितव्या आवृत्तीत आणि कुठल्या पानावर आहे ते लिहायचं. खरा वेळ इथेच वाचतो. काही बदललं की ती एक ओळ पाहायची, कुठले कागद सुधारायचे ते लगेच कळतं.

३. चेंज कंट्रोलच्या, म्हणजे बदल नोंदवून मंजूर करायच्या, फॉर्मवर तोच ओळ-क्रमांक टाकायचा. सगळे कागद सुधारल्याशिवाय फॉर्म बंद करायचा नाही.

मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ (वैद्यकीय उपकरणांचे भारतातले नियम) आणि आयएसओ १३४८५ (त्यांच्या गुणवत्ता व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक), दोन्हींसाठी हाच तक्ता चालतो. कलमांचा एक रकाना वाढवला की झालं.

जपायचं एवढंच: जुनी आवृत्ती पुसू नका. 'रद्द' शिक्का मारून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि सही ज्या दिवशी केली त्याच दिवसाची तारीख घाला.