बाबांची पेटी विकण्याआधी

बाबा गेल्यावर त्यांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, दोन वर्षं कपाटावर पडून होती. मला सा कुठला तेही कळत नाही. एका दुकानदारानं झाकणही न उघडता चार हजार सांगितले. ते मनाला लागलं. मी पेटी परत घरी आणली.

वाजवता येत नसलं तरी घरी पुष्कळ तपासता येतं. आधी तेल, पॉलिश काही लावू नका. पट्ट्या मोजा, काळ्या-पांढऱ्या मिळून ३७, ३९ नाहीतर ४२ भरतात. पट्ट्यांची अख्खी फळी सरकत असेल तर ती स्केलचेंज, तिचा भाव वेगळा.

मग भाता. सगळे स्टॉपर (समोरच्या ओढायच्या खुंट्या) आत ढकला आणि एकही पट्टी न दाबता भाता मारा. चार-पाच हातांनंतर तो जड होऊन पुढं सरकेना, तर हवा टिकते आहे. सहज चालतच राहिला तर कुठून तरी गळते.

आता एकेक स्टॉपर उघडून प्रत्येक पट्टी दाबा. कुठली मुकी, कुठली खरखरते, ते कागदावर लिहा. मुकी पट्टी बघून घाबरू नका. बऱ्याचदा पितळी जिभेत धुळीचा कण अडकलेला असतो. ती स्वतः खरवडू मात्र नका, सूर कायमचा बिघडतो.

पेटीवरच्या पाटीला भुलू नका. ती बहुधा पेटी बांधणाऱ्याची किंवा दुकानाची असते, आतले सूर, म्हणजे त्या पितळी जिभा, दुसरीकडून आलेले असतात. जुन्या पेटीत पॅरिसचे किंवा जर्मन सूर निघाले तर जाणकार त्यांना फार मानतात. गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर सर्रास सापडतात. सुरांवर अक्षरं दिसली तर फोटो काढा.

हे सगळं घेऊन मी मिरजेला एका कारागिराकडं गेले. आधीच सांगितलं, “काका, पेटी तुम्हाला विकायची नाही, फक्त पारख करा, तुमची मजुरी देते.” माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची पायरी, कारण घेणाऱ्याकडून पारख करून घेतली की भाव पडतोच. “किती येतील?” असंही विचारू नका. वाजती करायला खर्च किती आणि अशीच नवी आज कितीला, हे दोनच प्रश्न विचारा. दोन्हींतल्या फरकाहून थोडं खाली बोलणं सुरू करता येतं.

आमच्या पेटीचा भाता एका कोपऱ्यात उसवला होता, तीन पट्ट्यांत धूळ होती. शेवटी भजनी मंडळातल्या एका काकूंनी ती अकरा हजारांना घेतली. नेण्याआधी तासभर वाजवत बसल्या, आणि बाबांची अभंगांची वहीही मागून नेली.