काड्यांचा छपरवाला पूल असा बनवा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी ज्वालामुखी नाहीतर पवनचक्की, म्हणून मागच्या वर्षी धुळ्याला भाचीसोबत मी आईस्क्रीमच्या काड्यांचा छपरवाला पूल बनवला. कसा ते सविस्तर सांगतो.

आपल्याकडे पांझरा घ्या, गिरणा घ्या, पूल म्हणजे दगडी, लोखंडी नाहीतर सिमेंटचा, त्यामुळे पुलाला घरासारखं छप्पर बघितलं की सगळ्यांना वाटतं, लोकं भिजू नयेत म्हणून असेल. नाही हो, ते लाकडासाठी असतं. उघडा लाकडी पूल १५-२० वर्षांत सडायला लागतो, छपरवाले शंभर-दीडशे वर्षं उभे आहेत, अमेरिकेत कनेक्टिकट नदीवरचा कॉर्निश-विंडसर पूल तर १८६६ चा आहे. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको, पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकायची राहिली की गळती लागते आणि भिंतीत गेलेलं कडीचं (छपराच्या आडव्या लाकडाचं) टोक आधी सडतं.

त्या कॉर्निश-विंडसर पुलाची रचना इथिएल टाऊन या अमेरिकन वास्तुविशारदाने १८२० साली पेटंट घेतलेली, जाळीची. टाऊनच्या मूळ रचनेत साध्या फळ्या तिरप्या एकमेकींवर टाकायच्या आणि जिथे छेदतील तिथे लाकडी खुंट्या ठोकायच्या, जाड ओंडके लागतच नाहीत, म्हणून आईस्क्रीमच्या काड्यांनी ती छान जमते.

साधारण ३०० काड्या आणि वॉटरप्रूफ फेविकॉल आणा (साधा घेतला तर पाण्यात सुटतो). कागदावर ६० सेंमी लांबीच्या दोन समांतर रेघा काढा, मधे ८ सेंमी अंतर. दर ४ सेंमीवर एक काडी ४५ अंशात ठेवत जा, मग त्यावर उलट्या दिशेने दुसरा थर, आणि प्रत्येक छेदाला फेविकॉलचा थेंब, एकही सोडू नका. आता वरच्या आणि खालच्या रेघेवर काड्या टोकाला टोक लावून केलेल्या लांब आडव्या पट्ट्या येतात, जाळीच्या दोन्ही बाजूंनी, आणि इथेच आम्ही चुकलो. आम्ही दोन्ही बाजूंच्या काड्यांचे सांधे समोरासमोर आणले, बादली टांगून पाणी ओतलं तर तीन लिटरलाच खालची पट्टी सांध्यात उघडली. भार आला की वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि ताणाला सांधा कच्चा पडतो. म्हणून वीटकामात करतात तसं सांधे मागेपुढे ठेवा, एका बाजूचा सांधा दुसऱ्या बाजूच्या काडीच्या मध्यावर आला पाहिजे. दुसऱ्यांदा तसं केलं तर पुलाने १२ लिटर उचललं, भाची नुसती नाचत होती.

अशा दोन बाजू करून रात्रभर वजनाखाली वाळवा. मग खालून आडव्या काड्या लावून त्यावर रस्ता, आणि वर फुलीच्या आकारात काड्या, ही फुली विसरलात तर पूल एका अंगाला कलतो.

छप्पर दोन्हीकडून दोन-दोन सेंमी बाहेर काढा म्हणजे पागोळ्या जाळीवर पडणार नाहीत. बाजूंना उभ्या काड्यांची भिंत करा पण वर बोटभर फट ठेवा, आत वारा खेळला नाही तर ओल कोंडते आणि छप्पर असूनही बुरशी धरते.

वेळ असेल तर बिनछपराचा एक छोटा तुकडाही बनवा आणि जूनमध्ये दोन्ही गच्चीवर ठेवा, टोकं विटांवर, आणि वीट-लाकडाच्या मधे प्लॅस्टिकचा तुकडा. पोळ्यापर्यंत हात लावू नका. आमच्या उघड्या तुकड्याच्या काड्या काळ्या पडल्या होत्या, टोकांना नख लावलं तर नख आत जायचं, आणि छपराखालच्या काड्या अजून पिवळ्या, कोरड्या. प्रदर्शनात दोन्ही शेजारी-शेजारी मांडा आणि बघायला येईल त्या प्रत्येकाला स्वतः नख लावून बघू द्या.